टेंभुर्णेंच्या नावावर

सहा वाजून दहा मिनिटांनी रिपोर्ट ताजा व्हायला हवा होता.
पावणेनऊला भुतडा साहेबांचा फोन,
वाडीच्या गोदामात टायर किती, ते कालचेच दिसतायत.
कालचे नाहीत साहेब,
सोमवारचे आहेत, आज गुरुवार,
हे मी मनात म्हणाले.
कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख असते,
ती कुणी वाचत नाही.
आलेख मात्र झकास, निळे-केशरी,
शिळ्या भाताला फोडणी दिल्यासारखे.

मे महिना. वर्धा रोडचं डांबर चपलेला धरून ठेवतं.
ऑफिसात कूलरच्या वाळ्याचा ओला वास
आणि माझ्या स्क्रीनवर लाल त्रिकोण,
त्याच्याखाली एक वाक्य
जे कुणी कुणाला तोंडानं कधी म्हणणार नाही.

आधी संशय गोदामावर.
तिथल्या एका कॉम्प्युटरमधूनच सगळे आकडे बाहेर पडतात,
आणि मागच्या उन्हाळ्यात रोशन उईकेनं
त्याचाच प्लग काढून कूलर लावला होता.
"नाही मॅडम, यंदा बोर्ड वेगळा घेतला.
तुमचा डब्बा चालू आहे. हिरवा लाइट लागून राहिला."
मी माफी मागितली.
"कायची माफी? मागच्या साली मीच होतो ना."

मग सावनेरची फाइल.
नगांच्या रकान्यात कुणीतरी लिहिलेलं:
मोजून सांगतो.
आकड्यांच्या पंगतीत
आमंत्रण नसताना येऊन बसलेले दोन शब्द.
लगेच पुसवेनात.
इतकं खरं त्या फाइलीत दुसरं काही नव्हतं.
शेवटी पुसले, जागा रिकामी ठेवली.
शून्य घातलं नाही.
शून्य म्हणजे मोजलं, आणि काही निघालं नाही.
रिकामं म्हणजे अजून कुणी शिडीवर चढलंच नाही.

पुन्हा रिफ्रेश.
गोल फिरला, फिरला, थांबला.
लाल.

दुपारी डबा तसाच ठेवून
एकेक जोडणी उघडत गेले.
साठा. विक्री. उधारी. ट्रकभाडं.
प्रत्येकीच्या तळाशी एकच नाव,
श. मा. टेंभुर्णे.

तीस एप्रिलला त्यांना शाल, नारळ, चांदीचं नाणं,
आणि या सोमवारी दुपारी एचआरनं
नियमाप्रमाणे त्यांचं खातं बंद केलं.
आठ वर्षं
कंपनीची सगळी कुलपं त्यांच्या किल्लीनं उघडत होती,
रोज सहा-दहाला,
ते मानेवाड्यात कूस बदलत असताना.

फोन लावला. मागे मिक्सर चालू होता.
"माह्यं नाव अजून चालूच होतं काय तिथं?"
म्हटलं, सोमवार सकाळपर्यंत.
ते गप्प. मिक्सरही थांबला.
"बरं. आता तुमचं टाका.
पण एक ध्यानात ठेवा,
कामठीवाले रविवारची एन्ट्री सोमवारी करतात,
म्हणून मी त्यांचा एक दिवस मागं सरकवला आहे.
कुठं लिहून नाही ठेवलं बापा.
राहूनच गेलं."

माझं नाव टाकलं. पासवर्ड. पुन्हा पासवर्ड.
चार ठिकाणचे टेंभुर्णे खोडले,
सातबाऱ्यावर फेरफार व्हावा तसा,
फक्त तलाठी नाही, साक्षीदार नाही,
हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत नाही.

पावणेपाचला हिरवी खूण.
भुतडा साहेबांकडून एक अंगठा आला,
नुसता अंगठा.

डबा उघडला. भेंडीला वास येत होता.
खाल्ली.

निघण्याआधी कामठीच्या ओळीखाली टीप लिहिली,
माझ्यानंतर इथं जो कुणी बसेल त्याच्यासाठी:
एक दिवस मागे, मुद्दाम. बदलू नये.
कारण टेंभुर्णे साहेबांना विचारावं.
खाली त्यांचा नंबर.
आणि पुढे, जरा थांबून,
दोन ते चार फोन करू नये.
झोपतात.